पिल्लं खातात, पण अंगी लागत नाही

गोदाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात आमचं पाच हजार पक्ष्यांचं पडद्यांचं शेड आहे. चार वर्षं करारावर ब्रॉयलर करतो. द्राक्षबाग आमचे हे बघतात, शेड माझ्याकडे. जानेवारीच्या बॅचने मला अक्षरशः रडवलंय, म्हणून हा धागा काढते आहे.

पिल्लं उतरली तेव्हा सरासरी वजन ४१ ग्रॅम होतं. सातव्या दिवशी शेडच्या वेगवेगळ्या भागांतून शंभर पिल्लं धरून तोलली, तर १२६ ग्रॅम. एरवी माझ्याकडे सातव्या दिवशी १७५ ते १८० येतं. कोडं असं, की खाद्य फारसं कमी गेलेलं नाही. दर पिल्लामागे १३५ ग्रॅम गेलं. चांगल्या बॅचलाही दीडशेच्या आसपासच जातं. म्हणजे वजनात पन्नास ग्रॅमची तूट आणि खाद्यात जेमतेम पंधराची. मग बाकीचं खाल्लेलं गेलं कुठे?

पहिल्या आठवड्यात १६२ पिल्लं मेली. चौथ्या आठवड्यात पोटात पाणी झालेले पक्षी निघायला लागले. एफसीआर (किलो वजनामागे लागणारं खाद्य) बिघडला, हातात पैसे आले ते कोळशाचा खर्च जेमतेम निघेल एवढे. मी खाद्य खराब आहे म्हणून भांडले. सुपरवायझर म्हणाले, याच गाडीतलं खाद्य आणखी दोन शेडांवर उतरलंय, तिथे वजनं व्यवस्थित आहेत. आता मला कळत नाही चूक कुठे शोधायची. अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

सिन्नरकर

ताई, खाद्याचा नमुना तपासून घ्याच. मक्यात बुरशी असेल तर अफलाटॉक्सिन लिव्हर खातं आणि वजन असंच थांबतं. माझं एकदा झालंय तसं. पोतं उघडून वास घ्या, हातात चोळून बघा.

पशुवैद्य_मिरज

सिन्नरकरांचा संशय रास्त आहे, नमुना जरूर पाठवा. पण त्याच गाडीतलं खाद्य दुसरीकडे चाललं असेल तर मी आधी दुसरीकडे बघेन. ताई, चार गोष्टी सांगा. पिल्लं किती वाजता उतरली आणि गाडीत किती तास होती? शेड पिल्लं यायच्या किती आधी तापवलं होतं? थर्मामीटर कुठे टांगला होता? आणि मेलेली पिल्लं कुणी चिरून बघितली का? बघितली असतील तर पोटात बलक होता का?

गोदाकाठ

डॉक्टर, उत्तरं देते. गाडी पुण्याकडून निघाली, वाटेत दोन ठिकाणी पिल्लं उतरवली आणि आमच्याकडे पहाटे चारला आली. ड्रायव्हर म्हणाला, अकरा-बारा तास झाले. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर त्या आठवड्यात पारा सहा-सातच्या आसपास होता. आमच्या माळावर त्याहून कमीच असेल. खोके उघडले तेव्हा पिल्लं ओरडत होती, ती नेहमीची किलबिल नव्हती, एका सुरात तीक्ष्ण चिवचिव होती.

शेगड्या रात्री दहाला पेटवल्या होत्या, म्हणजे सहा तास आधी. थर्मामीटर मधल्या खांबाला, माझ्या छातीएवढ्या उंचीवर. त्यावर ३२ दाखवत होतं, म्हणून मी निश्चिंत होते.

सहाव्या दिवशी कंपनीच्या डॉक्टरांनी तीन पिल्लं चिरली. तिघांच्याही पोटात हिरवट पिवळा गोळा होता, बोराएवढा. वासही येत होता. ते 'बलक पचला नाही' एवढंच बोलले आणि औषध लिहून गेले.

पशुवैद्य_मिरज

ताई, तुमचं खाद्य कुठे गेलं ते या उत्तरातच आहे. थोडं लांबण लावतो, कारण हा मुद्दा आपल्याकडे नीट सांगितलाच जात नाही.

अंड्यातून बाहेर येण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं. ४० ग्रॅमच्या पिल्लात तो अंदाजे पाच ते आठ ग्रॅम असतो. ही त्याची शिदोरी. त्यात चरबी असते, प्रथिनं असतात आणि आईकडून आलेली रोगप्रतिकारक द्रव्यंही असतात. निसर्गाचा हिशोब असा, की पिल्लाने लवकर दाणा टिपावा, आतडं हलायला लागावं आणि त्या हालचालीबरोबर बलकही आतड्यात उतरून चार-पाच दिवसांत संपावा. खाल्लं की बलक लवकर वापरला जातो. उपाशी पिल्लू बलक लवकर संपवतं असं वाटतं, पण होतं उलट.

आता थंडी आणा मध्ये. पिल्लाच्या अंगावर पिसं नसतात, लव असते. पहिले दहा-बारा दिवस त्याला स्वतःचं तापमान सांभाळता येत नाही. त्याच्या अंगाचं तापमान ४० च्या आसपास राहायला हवं. पाठीच्या उंचीवर ३२ ते ३४ अंश असेल तर ते निवांत असतं. खाली २२ असेल तर ते दोनच गोष्टी करतं, एकमेकांच्या अंगाखाली घुसतं आणि जवळ असेल नसेल ते जाळून ऊब तयार करतं. ढिगात घुसलेलं पिल्लू पाण्याकडे जात नाही. पाणी प्यायलं नाही की खात नाही. खाल्लं नाही की आतडं वाढत नाही, बलक तसाच राहून सडतो. तोच तुमचा बोराएवढा गोळा.

गरम हवा वर जाते. तुमच्या छातीला ३२ होतं तेव्हा खाली अंथरलेल्या तुसावर किती होतं हे कुणालाच माहीत नाही. सहा तासांत हवा तापते, जमीन तापत नाही. पिल्लाचे पाय जमिनीवर असतात. हिवाळ्यात शेड किमान चोवीस तास आधी तापवायचं, आणि मोजायचं तुसावर.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती खायला लागली असतील. पण तोवर खाल्लेल्यातला मोठा वाटा अंग गरम ठेवण्यात जात होता. तुमची ती पन्नास ग्रॅमची तूट बहुतेक तशीच जळाली. त्यात पहिल्या दिवसांत पायदळी जाऊन तुसात मिसळलेलं खाद्यही धरा, तेही तुमच्या १३५ मध्येच मोजलं गेलंय.

शिरवळची_विद्यार्थिनी

मी पशुवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला आहे. डॉक्टरांनी सांगितलं त्यात ताणाच्या संप्रेरकाचा भाग जोडते, कारण परीक्षेपुरतं वाचलं होतं ते इथे प्रत्यक्ष दिसतंय.

माणसात ताण आला की कॉर्टिसोल वाढतं, पक्ष्यांत मुख्यतः कॉर्टिकोस्टेरॉन. मेंदूतून पिट्युटरीला आणि तिथून मूत्रपिंडाजवळच्या अॅड्रिनल ग्रंथीला निरोप जातो, काही मिनिटांत रक्तात ते वाढतं. थोड्या वेळाचा ताण असेल, समजा लसीसाठी पिल्लू हातात धरलं, तर ते वाढतं आणि उतरतं. त्यात नुकसान नाही. नुकसान आहे ते दिवसेंदिवस चढून राहण्यात.

या संप्रेरकाचं काम म्हणजे रक्तात साखर हजर ठेवणं. कोंबडीच्या रक्तात तशीही साखर आपल्या दुपटीहून जास्त असते, दोनशेच्या पुढे. ती भरायला आयतं काही नसलं की शरीर स्नायूंतली प्रथिनं मोडतं आणि यकृतात त्यांची साखर करतं. मोडलेल्या प्रथिनांतला नत्र युरिक अॅसिड होऊन विष्ठेत जातो. आपण २२-२३ टक्के प्रथिनांचं महागाचं प्रीस्टार्टर (पहिल्या दिवसांचं खाद्य) घालतो ते छातीचं मांस व्हावं म्हणून, आणि ताणातलं पिल्लू ते इंधन म्हणून वापरतं. पेरणीसाठी राखलेलं बियाणं दळून खावं तसं. आमच्या सरांनी वर्गात हीच उपमा दिली होती, ती तेव्हापासून डोक्यात बसली आहे.

आणखी एक. ताण लांबला तर पक्ष्याची भूक कमी होईलच असं नाही. प्रयोगांत कॉर्टिकोस्टेरॉन दिलेल्या ब्रॉयलरनी जवळपास तेवढंच खाल्लं, पण छातीचं मांस कमी भरलं आणि पोटात, यकृतात चरबी वाढली. म्हणजे खाल्लं तरी ते भलतीकडे गेलं.

आणि कृपया, कुणीही मरतूक वाढली म्हणून स्वतःच्या मनाने पाण्यातून डेक्सामेथासोन देऊ नका, ते याच संप्रेरकासारखं काम करणारं कृत्रिम औषध आहे. प्रयोगशाळेत कोंबडीला कृत्रिम ताण द्यायचा असतो तेव्हा हेच औषध टोचतात.

लाल_माती

ही शेवटची ओळ मी दोनदा वाचली. आमच्याकडे दुकानदार सर्रास देतात. धन्यवाद ताई.

गोदाकाठ

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद वाचून मी शेडमध्ये गेले. सध्या शेड रिकामं आहे. तरी एक शेगडी पेटवली आणि दोन थर्मामीटर लावले, एक त्या खांबावर, एक तुसावर टेकवून. दोन तासांनी वर ३१, खाली १९. मी चार हिवाळे वरचा आकडा वहीत लिहीत आलेय.

दुसरं, पाणी. आमची टाकी शेडच्या छपरावर आहे. पहाटे त्या पाण्यात हात घालवत नाही. तेच पाणी ड्रिंकरमध्ये जातं.

पोटातल्या पाण्याचं आणि याचं काही नातं आहे का?

पशुवैद्य_मिरज

पाणी हा माझा पाचवा प्रश्न होता, तुम्हीच सापडवलात. गार पाण्याला पिल्लू चोच लावतं आणि मागे सरतं. पहिले तीन-चार दिवस पाणी वीस-पंचवीस अंशांवर असू द्या. बादलीत गरम पाणी मिसळून हाताने भरलंत तरी चालेल, पाच हजारांना पहिल्या दिवशी फार पाणी लागत नाही.

पोटातल्या पाण्याचं नातं आहे. ऊब तयार करायला प्राणवायू लागतो. ब्रॉयलरचं अंग झपाट्याने वाढतं, त्या मानाने फुप्फुसं लहान आणि ताठर, ती आपल्यासारखी फुगत नाहीत. थंडीत प्राणवायूची मागणी वाढते, हृदयाची उजवी बाजू जास्त जोराने रक्त ढकलते, जाड होते, शेवटी थकते. मग यकृतातून पाणी झिरपून पोटात साठतं. त्यातच आपण हिवाळ्यात पडदे घट्ट बांधतो आणि आत कोळसा जाळतो. शेगडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड प्राणवायूची जागा बळकावतो. पोटातल्या पाण्याचं बीज असं पहिल्या दोन आठवड्यांत पेरलं जातं, उगवतं चौथ्या-पाचव्या आठवड्यात.

तुम्हालाही हात जोडून सांगतो, रात्री पडदे बंद करून शेगडीशेजारी झोपू नका. वरच्या बाजूला वीतभर फट कायम उघडी राहू द्या. पिल्लांसाठीही आणि तुमच्यासाठीही.

चंद्रपूरचं_ऊन

आमच्याकडे प्रश्न बरोबर उलटा. एप्रिल-मे मध्ये ४४-४५ अंश. मागच्या उन्हाळ्यात तेरा दिवसांच्या पिल्लांनी दुपारी खाणंच सोडलं होतं. चोची उघड्या, पंख अंगापासून लांब धरलेले. पाणी मात्र ढसाढसा. खाद्याच्या दुप्पट पाणी हा नेहमीचा हिशोब, तो चौपट-पाचपटीवर गेला. तुसाचा चिखल झाला. गरमीत ऊब तयार करायला काही जळत नसेल, मग वजन का थांबतं? नुसतं खात नाही म्हणून का?

पशुवैद्य_मिरज

नुसतं तेवढंच नाही. गरमीत त्याच खाद्यावर ठेवलेल्या आणि थंड जागी तेवढंच मोजून घातलेल्या पक्ष्यांची तुलना संशोधकांनी केली आहे. गरमीतल्यांचं वजन तरीही मागेच राहतं.

कोंबडीला घाम नाही. तिच्याकडे धापणं हाच मुख्य मार्ग. धापताना कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर जातो, रक्त अल्कधर्मी होतं, पोटॅशियम-सोडियम लघवीवाटे वाहून जातं. म्हणून पाण्यातून इलेक्ट्रोलाइट, म्हणजे हे क्षार, देतात. धापण्यालाही शक्ती लागतेच. शिवाय अंग थंड करायला रक्त कातडीकडे, तुऱ्याकडे, पायांकडे वळतं आणि आतड्याला कमी मिळतं. आतड्याचं अस्तर उपाशी पडतं, पेशींमधले सांधे सैल होतात, आतले जंतूंचे विषारी अंश रक्तात शिरतात. शरीराची शक्ती मग त्यांच्याशी झुंजण्यात जाते.

अन्न पचवतानाही उष्णता तयार होते. म्हणून दोन आठवड्यांच्या पुढच्या पक्ष्यांना साधारण सकाळी दहा-अकरापासून चार-पाचपर्यंत खाद्य उचलतात आणि पहाटे, रात्री भरपूर देतात. हे पहिल्या आठवड्यातल्या पिल्लांना करायचं नाही, त्यांना खाद्य अखंड समोर हवं. क जीवनसत्त्व कोंबडी स्वतःच्या मूत्रपिंडात बनवते, पण तीव्र उन्हाळ्यात ते पुरत नाही, तेव्हा किलो खाद्याला २०० ते २५० मिलिग्रॅम देण्याचा फायदा दिसतो.

चंद्रपूरचं_ऊन

आणखी एक विचारतो. पिल्लांना लहानपणीच मुद्दाम गरमी दिली तर पुढे सोसते असं ऐकलं होतं. खरं का?

शिरवळची_विद्यार्थिनी

खरं आहे. इस्राएलमध्ये याहाव आणि हुरविट्झ यांनी १९९६ मध्ये ते दाखवलं. पाचव्या दिवशी पिल्लं चोवीस तास ३६ अंशांत ठेवली, पुढे मोठेपणी उष्णतेची लाट दिली तेव्हा त्यांच्यात मर कमी झाली. त्या वयात तापमानाचं नियंत्रण मेंदूत अजून घडत असतं, म्हणून तो धडा टिकतो असं मानतात.

पशुवैद्य_मिरज

पण ते नियंत्रित खोलीत होतं, पाणी-हवा सगळं हातात. आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये ३६ चे ४१ कधी होतात कळत नाही. माझा सल्ला, उघड्या शेडमध्ये हा प्रयोग नको. पत्र्यावर तुराट्या, उसाचं पाचट टाका, पांढरा रंग द्या, तेवढ्याने पुष्कळ साधतं.

लाल_माती

मी संगमेश्वर तालुक्यातला. आमच्या पावसाळ्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमचा शत्रू अमोनिया. जुलैत झड आतपर्यंत येते म्हणून पडदे दिवसभर खाली, तूस ओलं, आणि मग तो डोळ्यांत जाणारा वास. पण ज्याला रोज आत जायचं आहे त्याच्या नाकाला वास मरतो. मला वाटायचं आमच्याकडे काही नाही. एकदा पुण्याहून बहीण आली, दारातच तोंडाला पदर लावून उभी राहिली.

त्या दिवसापासून एक करतो. बाहेरच्या हवेत दहा मिनिटं उभा राहतो आणि मग आत जाऊन पिल्लांच्या उंचीला गुडघ्यावर बसतो. तिथे पाच मिनिटांत डोळे चुरचुरले तर पडदा वर, पाऊस असला तरी. पिल्लं सगळा वेळ त्याच उंचीवर श्वास घेतात.

पशुवैद्य_मिरज

अगदी बरोबर. २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) वर अमोनिया गेला की श्वासनलिकेतल्या बारीक लवा झडायला लागतात, पिल्लू डोळे मिटून एका जागी बसतं आणि खाद्यापर्यंत जात नाही. विद्यार्थिनीने सांगितलेलं चक्रही इथे जोडून घ्या. ताणातलं पिल्लू प्रथिनं जाळतं, युरिक अॅसिड जास्त बाहेर टाकतं, ओल्या तुसात त्याचाच अमोनिया होतो आणि तो पुन्हा ताण देतो.

सातपुड्याची_लेक

मी अक्राणी तालुक्यात राहते. आमच्याकडे शेड नाही, घरामागे गावठी कोंबड्या आहेत, बचत गटातून चाळीस पिल्लं वेगळी आणली होती. त्यातली पंधरा पहिल्या आठवड्यात गेली. घरच्या खुडूक कोंबडीची मात्र अकरापैकी दहा जगली. दोघांना एकच कण्या, एकच अंगण.

मी दोन दिवस नुसती बसून बघितलं. कोंबडी दाणा टिपते, खाली टाकते, 'टुक टुक' करते, तेव्हा पिल्लं धावत येऊन तोच दाणा उचलतात. पाच-सात मिनिटं खातात आणि पळत तिच्या पंखाखाली शिरतात. जरा वेळाने पुन्हा बाहेर. घार दिसली की ती वेगळाच आवाज काढते, सगळी एका क्षणात गायब. आणि ती चाळीस? ती खोक्यात बल्बखाली होती. वीज गेली की ढीग. घारीच्या सावलीला घाबरून कोपऱ्यात एकावर एक. त्यांना खायला कुणी बोलावत नव्हतं.

गोदाकाठ

ताई, तुम्ही लिहिलंय ते वाचून अंगावर काटा आला. आमच्या पाच हजारांना बोलावणारं तरी कोण असतं.

पशुवैद्य_मिरज

याहून चांगलं निरीक्षण मी कॉलेजातही ऐकलं नाही. कोंबडी पिल्लांना निवड देते. ऊब हवी तर पंखाखाली, नको तर बाहेर. आपणही ब्रूडिंगला (पिल्लांना ऊब देण्याच्या दिवसांत) तेच करायचं, सगळं शेड एकसारखं भट्टी करायचं नाही. चिक गार्डच्या (पिल्लांभोवतीच्या गोल कड्याच्या) आत एक भाग जास्त उबदार, एक थोडा थंड, आणि पिल्लू ठरवेल. सारखी पसरलेली, थोडी खाणारी, थोडी पडून झोपलेली दिसली की ठीक. शेगडीखाली ढीग म्हणजे थंडी. कडेला गार्डला टेकून, पंख पसरून म्हणजे गरमी. एकाच बाजूला जमली तर समोरून वाऱ्याची झुळूक येते आहे.

बोलावणीचंही करता येतं. पहिल्या दिवशी अर्ध्या जागेवर कागद अंथरून त्यावर खाद्य पेरायचं. पिल्लांच्या पायांनी कागद करकरतो, त्या आवाजाला आणि एकमेकांच्या टोचण्याला बघून बाकीची खायला येतात.

सिन्नरकर

आणि गूळपाणी? आम्ही पहिला पूर्ण दिवस देतो. शिवाय तीन दिवस अँटिबायोटिक, हे तर दुकानदार पिल्लांसोबतच देतो.

पशुवैद्य_मिरज

गाडीत खूप तास काढून आलेल्या थकल्या पिल्लांना पहिले तीन-चार तास पातळ गूळपाणी ठीक. नंतर साधं कोमट पाणी. दिवसभर ठेवलेलं गूळपाणी आंबतं, पिल्लांची मागची बाजू शी चिकटून बंद होते, मग ती कुंथून मरतात. ड्रिंकर धुवायला विसरू नका.

अँटिबायोटिकबद्दल माझं मत कडक आहे. पहिल्या तीन दिवसांत आतड्यात उपयोगी जंतू वस्ती करत असतात. निरोगी पिल्लाला औषध देऊन आपण ती वस्तीच उठवतो. आजार दिसला, पिल्लू चिरून बघितलं, मग औषध. थंडीने मरणारं पिल्लू अँटिबायोटिकने वाचत नाही.

सिन्नरकर

आमचे वडील ऐकायचे नाहीत, पण पुढच्या बॅचला निम्म्या शेडवर करून बघतो.

शिरवळची_विद्यार्थिनी

एक राहिलं. ताण होता की नाही हे रक्तातही दिसतं. ताणात रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी लिंफोसाइट घटतात आणि हेटेरोफिल वाढतात. १९८३ मध्ये ग्रॉस आणि सीगल यांनी या दोन्हींचं गुणोत्तर ताणाचं माप म्हणून मांडलं. ०.२ च्या आसपास म्हणजे कमी ताण, ०.८ म्हणजे भरपूर. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायला वेळ लागतो, पण एकदा काचेवर बघितलं की पटतं. लांबलेल्या ताणात बर्सा आणि थायमस या प्रतिकारशक्तीच्या ग्रंथी आक्रसतात. गंबोरो या रोगाचा विषाणू त्याच बर्सावर हल्ला करतो. म्हणून पहिला आठवडा बिघडलेल्या बॅचमध्ये पुढे लासोटा (राणीखेतची लस) आणि गंबोरोच्या लशी दिल्या तरी हवा तसा जोर धरत नाहीत.

गोदाकाठ

मंडळी, जवळपास दोन महिन्यांनी येते आहे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पुढची बॅच पडली. काय केलं ते लिहिते.

शेगड्या आदल्या दिवशी पहाटेच पेटवल्या. तूस तीन इंच टाकलं. थर्मामीटर दोरीने खाली सोडले, पिल्लाच्या पाठीएवढ्या उंचीवर, तीन ठिकाणी. पिल्लं आली तेव्हा तुसावर ३१ होतं. कोमट पाणी हाताने भरलं, शेजारच्या दोघी मदतीला आल्या. आधी दर खोक्यातल्या काही पिल्लांची चोच पाण्यात बुडवली, मग कागदावरचं खाद्य. पाय गालाला लावून बघायचे हे डॉक्टरांनी मला फोनवर शिकवलं होतं. पहिल्या खोक्यातली गार लागली, ती वेगळी काढून शेगडीजवळच्या गार्डात सोडली. तासाभराने त्यांचे पाय गालाला कोमट लागले.

आठ तासांनी शंभर पिल्लांची पोटळी, म्हणजे खाल्लेलं आधी साठतं ती पिशवी, चाचपली. गळ्याखाली उजव्या अंगाला बोट ठेवलं की कळतं. कोरडं दाणेदार लागलं तर खाल्लंय पण पाणी नाही. फुगा हलल्यासारखं लागलं तर नुसतं पाणी. भिजवलेल्या कणकेसारखं मऊ लागलं की दोन्ही पोचलंय. ८१ भरलेली होती. मी मधल्या रांगेत आणखी दोन ड्रिंकर ठेवले, कारण तिथलीच पिल्लं रिकामी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शंभरातली ९६ भरलेली.

सातव्या दिवशी १७८ ग्रॅम. मर ४४. मार्चमध्ये थंडी ओसरली होती आणि गाडीही या वेळी सात तासांतच आली, तेव्हा सगळं माझ्या तयारीचं म्हणणार नाही. खरी परीक्षा डिसेंबरमध्ये. खाद्य त्याच कंपनीचं, तेच.

कंपनीला लेखी दिलंय, की हिवाळ्यात आमच्याकडे गाडी सूर्य वर आल्यावर आणावी आणि मार्गात आमचा माळ शेवटचा ठेवू नये. अजून उत्तर आलेलं नाही.

पशुवैद्य_मिरज

फार आनंद झाला. एक लिहून ठेवा, दुसऱ्या आठवड्यापासून तापमान दर आठवड्याला अंदाजे तीन अंशांनी उतरवायचं, पण आकड्यापेक्षा पिल्लं कशी बसली आहेत त्यावर विश्वास ठेवा. आणि डिसेंबरच्या बॅचला सहाव्या दिवशी मेलेलं पिल्लू मिळालं तर चिरून बलक बघा. वाटाण्याहून मोठा उरला असेल तर मला फोन करा.

सातपुड्याची_लेक

ताई, माझ्याकडे थर्मामीटर नाही आणि वीज रात्री जाते. पुन्हा तीस पिल्लं मिळणार आहेत. काय करू?

पशुवैद्य_मिरज

गोल टोपली किंवा पत्र्याचं कडं घ्या, कोपरा नको, म्हणजे ढीग होत नाही. खाली तूस किंवा भुसा चार बोटं. बल्ब असेल तेव्हा एका बाजूला लावा. वीज गेली की गरम पाण्याच्या बाटल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मध्ये ठेवा, दर दोन-अडीच तासांनी बदला. वरून सुती कापड, पण अर्धी बाजू उघडी. निखाऱ्याचं मडकं आत ठेवू नका. खुडूक कोंबडी असेल तर त्यातली दहा-बारा एक दिवसाची पिल्लं रात्री अंधारात तिच्याखाली सरकवून बघा, बऱ्याचदा ती स्वीकारते. सकाळी मात्र जवळ बसून लक्ष ठेवा.

गोदाकाठ

सातपुड्याची ताई, माझ्याकडे दोन थर्मामीटर जास्तीचे आहेत. व्यक्तिगत निरोपात पत्ता पाठवा, सोमवारी पोस्टात टाकते. पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर बांधा.